तीन लाख एकशे अठ्ठावीस

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. काळ्या बेसॉल्टमधलं सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं हे विवर आकाशातून आलेल्या एका दगडाने पाडलं. आपली आजची गोष्ट मात्र खाली न आलेल्या दगडाची. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात तो सूर्याभोवती फिरतोय, आणि त्याला एका गवयाचं नाव आहे.

या भागात रात्रीचं आकाश ओळखणारी माणसं पुष्कळ. रोही अन् रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून लोक जागलीला जातात. नोव्हेंबरात तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीने असलेले तीन तारे, माथ्यावर आलं, की मध्यरात्र उलटली हे त्यांना घड्याळाशिवाय कळतं. पण हा लघुग्रह नुसत्या डोळ्यांनी कोणालाच दिसत नाही.

तो सापडला 11 नोव्हेंबर 2006 रोजी, अमेरिकेतल्या कॅटालिना स्काय सर्व्हे या आकाश न्याहाळणाऱ्या प्रकल्पाला. तिथे रात्र होती. आपल्याकडे दिवस, कापूस वेचणीचा. आकाशाच्या एकाच भागाचे थोड्या थोड्या वेळाने फोटो घेतात. तारे जागच्या जागी राहतात, एखादा ठिपका सरकलेला दिसतो. त्याला आधी तात्पुरती खूण मिळते. याची होती 2006 व्हीपी32. ‘व्ही’ म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. पुढे माग काढत काढत कक्षा पक्की झाली, की कायमचा क्रमांक. याला मिळाला 300128.

आता हा क्रमांक दोन-दोन आकडे धरून शेवटाकडून वाचा. 28, 01, 30. म्हणजे 28 जानेवारी 1930. पंडित जसराज यांची जन्मतारीख!

सप्टेंबर 2019मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने नाव जाहीर केलं. लघुग्रहाचं नाव सोळा रोमन अक्षरांत बसावं, शक्यतो एकच शब्द असावा. म्हणून ‘पंडितजसराज’, सलग.

मला यात सगळ्यात भिडतं ते त्यांचं जन्मगाव. पिली मंदोरी, हरियाणातलं एक खेडं. चार वर्षांच्या वयात वडिलांचं छत्र हरपलं. सुरुवातीला हा मुलगा तबल्याची साथ करायचा. थोरले बंधू पंडित मणिराम यांच्याकडे गाणं शिकला. पुढे व्ही. शांताराम यांचा जावई झाला. हा मान जसराजजींना हयातीत मिळाला, याचं फार समाधान वाटतं. 17 ऑगस्ट 2020 रोजी ते गेले.

मोझार्ट, बाख, बीथोवेन यांच्या नावांचे लघुग्रह त्या पट्ट्यात आधीपासून होतेच. आपला ख्यालगायक आता त्यांच्या पंगतीला आहे.