चांदी होती, गाव गेलं

मित्रहो, कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात, बार्स्टोजवळ, कॅलिको नावाचं गाव आहे. तिथले डोंगर तांबडे, पिवळट, हिरवट, जांभळट. अमेरिकेत छापील सुती कापडाला कॅलिको म्हणत. डोंगर तसे रंगीबेरंगी दिसले, म्हणून त्यांना ते नाव पडलं. आणि कापडाला ते मिळालं होतं आपल्या मलबार किनाऱ्यावरच्या कालिकत बंदरावरून. पण नातं एवढंच असतं तर मी हे गाव आज तुमच्यापुढे आणलं नसतं.

१८८१ साली तिथे चांदी सापडली. सिल्व्हर किंग ही सगळ्यात नावाजलेली खाण. वर्षभरात पोस्ट आलं, दुकानं आली, दारूचे गुत्ते आले, चिनी मजुरांची वस्ती झाली. भरभराटीच्या काळात हजारावर माणसं तिथे राहत. पाण्याचे हाल, सावलीला झाड नाही. काही खाणकामगार डोंगरात कोरलेल्या खोल्यांतच संसार करत, कारण उन्हाळ्यात गारवा तेवढाच. १८८३ला आग लागली, १८८७ला पुन्हा लागली. लोकांनी दोन्ही वेळा गाव उभं केलं. डॉर्सी नावाचा कुत्रा पाठीवर थैल्या बांधून शेजारच्या वस्तीवर टपाल नेत असे. इतक्या जिद्दीनं उभं केलेलं गाव का ओस पडलं, हा प्रश्न मला सोडत नाही.

चांदी संपली म्हणून नाही. भाव पडला म्हणून. आणि भाव कुठे पडला हे शोधत गेलं की माणूस थेट मुंबईच्या फोर्टात येऊन पोचतो, मिंट रोडवर, नाणी पाडणाऱ्या टांकसाळीशी.

त्या काळी आपल्याकडे कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जाई, थोडं शुल्क भरी आणि रुपये पाडून घेई. रुपया तोळाभर वजनाचा, त्यात बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी. म्हणजे जगात कुठेही निघालेल्या चांदीला मुंबई-कलकत्त्यात गिऱ्हाईक ठरलेलं. १८७०नंतर जर्मनीसारखे देश सोन्याच्या नाण्याकडे वळले, चांदी स्वस्त होत गेली आणि तिच्याबरोबर रुपयाही. दोन शिलिंगांच्या (वीस शिलिंगांचा एक इंग्रजी पौंड) आसपासचा रुपया सव्वा शिलिंगावर आला. सरकारला तर पेन्शनी, कर्जावरचं व्याज, सगळं लंडनमध्ये सोन्याच्या पौंडांत भरायचं होतं. तेव्हा नवे रुपये कमी पडून रुपयाचा भाव सावरावा म्हणून २६ जून १८९३ रोजी सरकारनं खासगी चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या.

तार अमेरिकेत पोचली आणि औंसाला ८० सेंटांच्या वर असलेली चांदी चार-पाच दिवसांत ६० सेंटांच्या घरात आली. कोलोरॅडोतल्या खाणींना कुलुपं लागली. दरमहा ४५ लाख औंस चांदी घेण्याचं बंधन अमेरिकी सरकारवर घालणारा १८९०चा कायदा १ नोव्हेंबरला रद्द झाला. कॅलिको उभं राहिलं तेव्हा औंसाला १ डॉलर १० सेंटांच्या वर भाव होता. १८९४ साली तो ६५ सेंटांच्या आत. एवढ्यात खनिज खणून, डॅगेटच्या गिरणीत नेऊन, कुटून काय उरणार? एकट्या मुंबईवर दोष टाकणं बरोबर नाही, उतरण आधीच सुरू होती. पण शेवटचा धक्का इथूनही गेला.

इथल्या माणसाचं काय झालं, ते मला जास्त लागतं. सोलापूर-नगरकडच्या कुणब्याची शिल्लक म्हणजे बायकोच्या हातातले गोठ, पायातले तोडे. टांकसाळ उघडी होती तोवर त्या चांदीचे जवळपास वजनाइतके रुपये येत. १८९३नंतर रुपया वर राहिला, चांदी खाली गेली. १८९६ आणि १८९९चे दुष्काळ पडले तेव्हा दागिने विकायला निघालेल्या बाईच्या हाती कमी रुपये पडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनला रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, त्यात या टांकसाळबंदीची तपशीलवार चर्चा आहे. ती जरूर वाचा.

कॅलिकोचं पोस्ट १८९८ साली बंद झालं. माणसं घरं सोडून दुसऱ्या खाणींकडे गेली. १९५१ साली कॅलिफोर्नियातले उद्योजक वॉल्टर नॉट यांनी गाव विकत घेतलं, पडक्या इमारती पुन्हा बांधल्या आणि १९६६ साली ते सॅन बर्नार्डिनो काउंटीला देऊन टाकलं. नॉट यांच्या काकांचा सिल्व्हर किंग खाणीत वाटा होता. आता तिथे पर्यटक जातात. जुन्या भिंती थोड्याच उरल्या आहेत. मागच्या डोंगरांत चांदी मात्र अजून आहे.