बूई सुरा : पारखताना आणि टिपताना

मंडळी, आधी उच्चार उरकून घेऊ. टेक्सासकडचे लोक ‘बूई’ म्हणतात, इतरत्र ‘बोई’ही चालतं. १९ सप्टेंबर १८२७ला मिसिसिपी नदीतल्या एका वाळूच्या दांड्यावर, नॅचेझ गावाजवळ, मारामारी झाली. त्यात जिम बूई या अमेरिकी माणसाच्या हातात मोठा सुरा होता आणि तिथून हे नाव गाजलं. मात्र त्याचा भाऊ रेझिन याने १८३८ साली लिहून ठेवलेलं वर्णन वाचा : पातं सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एकधारी, आणि वाक नसलेलं. म्हणजे पाठीकडून खोलगट कापलेलं जे टोक पाहून आज आपण ‘हा बूई’ म्हणतो, ते मूळ सुऱ्याला होतं असं धरून चालता येत नाही. ‘अस्सल मूळ नमुना’ असं सांगून कोणी विकायला आला, तर खिसा घट्ट धरा.

जुन्या मालात इंग्लंडच्या शेफील्डचे सुरे पुष्कळ, कारण एकोणिसाव्या शतकात ते अमेरिकी गिऱ्हाइकासाठीच बनत. तिथे एक साधी खूण उपयोगी पडते. १८९०च्या अमेरिकी जकात कायद्यानंतर आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. त्यामुळे पात्यावर ‘इंग्लंड’ असा ठसा असेल आणि विकणारा १८५० सांगत असेल, तर दोन्ही खरं असणं कठीण.

आजचा हातघडणीचा सुरा हा वेगळा विषय. १९७६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची परीक्षा प्रसिद्ध आहे. लोहाराने स्वतः घडवलेल्या, जास्तीत जास्त १० इंची पात्याने एक इंच जाडीचा लोंबता दोर एका घावात तोडायचा, दोन-बाय-चार इंची लाकूड दोनदा आरपार तोडायचं, मग त्याच धारेने हातावरचे केस उतरवायचे, आणि शेवटी तेच पातं शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून ९० अंशांत वाकवायचं. तुटता कामा नये. हे जमतं ते पाणी देण्याच्या, म्हणजे तापवलेलं पोलाद विझवून कडक करण्याच्या, कसबामुळे : धार कडक, पाठ मऊ. परीक्षेतला सुरा त्यातच खर्ची पडतो, हे विसरू नका. पात्यावरची ‘जेएस’ (जर्नीमन स्मिथ) किंवा ‘एमएस’ (मास्टर स्मिथ) अक्षरं लोहार उत्तीर्ण झाल्याचं सांगतात, तुमच्या हातातला सुरा नव्हे.

बहुतेक खरेदी फोटोवरून होते आणि अडचण तिथेच सुरू होते. ज्या उजेडात पातं देखणं दिसतं, त्याच उजेडात दोष लपतात. म्हणून विकणाऱ्याकडे दोन्ही बाजूंखेरीज आणखी तीन फोटो मागा. पहिला थेट पाठीवरून : पाणी देताना पातं पिळलं असेल तर ते इथे नीट कळतं. दुसरा थेट धारेवरून : धारेचा उतार मुठीपाशी जिथे सुरू होतो, तो दोन्हीकडे एकाच रेषेत हवा. तिसरा, गार्ड (मूठ आणि पात्यामधली आडवी पट्टी) आणि पातं यांच्या सांध्याचा, मागून उजेड टाकून. तिथे उजेडाची बारीक रेघ दिसली, तर ओलावाही त्याच फटीतून आत शिरणार आणि गंज मुठीच्या पोटात धरणार. तो बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

आता स्वतः फोटो काढायचा तर. घासून चकचकीत केलेलं पातं म्हणजे आरसा. आपण पात्याचा फोटो काढत नाही, पात्यात जे दिसतं त्याचा काढतो. आणि खोलगट घासलेल्या पात्यात तर छतावरचा पंखासुद्धा हजर होतो. तेव्हा पात्याला दाखवायला काहीतरी पांढरं हवं. दोन-अडीच फुटांची चौकट करून तिच्यावर बटर पेपर ताणा, मागे दिवा ठेवा आणि ती सुऱ्याच्या वरच्या अंगाला तिरकी धरा. सुरा करड्या कार्डशीटवर ठेवून मुठीखाली खोडरबराचा तुकडा सरकवा. डोळा लेन्सच्या जागी नेऊन, सपाट भाग पूर्ण पांढरा होईपर्यंत चौकट हलवा. इथे एक चूक हमखास होते : सपाट भाग आणि धारेचा उतार दोन्ही पांढरे होतात आणि त्यांच्यामधली रेघ पुसली जाते. लोहाराची निम्मी मेहनत त्या रेघेत असते. दोन-तीन इंच रुंद काळा कागद धारेच्या बाजूला उभा करा. उतार करडा पडतो आणि रेघ परत येते.

दमास्कस, म्हणजे वेगवेगळ्या पोलादांचे थर जोडून घडवलेल्या, पोलादाला हाच मोठा, मऊ उजेड मानवतो. फेरिक क्लोराइडमध्ये बुडवल्यावर निकेल असलेले थर उजळ राहतात, साधे कार्बनचे काळवंडतात. पांढरा कागद परावर्तित होतो तो उजळ थरांतच. माती लावून पाणी दिलेल्या पात्यावरच्या ढगाळ रेघेचं मात्र उलट. तिला एकच लहान दिवा आणि काळी पार्श्वभूमी लागते, आणि ती एखाद्याच कोनात दिसते. चिकाटी ठेवा.

मोबाइल सुऱ्याच्या अगदी जवळ नेऊ नका; जवळची बाजू फुगते आणि १५ इंची सुरा बेढब दिसतो. दीड मीटर मागे या, झूमची लेन्स वापरा. कॅमेरा असेल तर ८५ ते १०५ मिलिमीटरची लेन्स, एफ/८ ते एफ/११ छिद्र (अ‍ॅपर्चर), आयएसओ १००, तिपाई आणि दोन सेकंदांचा टायमर. एफ/२२वर सगळं स्पष्ट येईल ही समजूत चुकीची; विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरल्यामुळे, चित्र उलट मऊ पडतं. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर शिंगाची मूठ एकीकडे पिवळी, दुसरीकडे निळसर येते.

या शिंगाचा आपल्याशी थेट संबंध आहे. जगभर मुठींसाठी नावाजलेलं सांबरशिंग भारतातून जायचं. १९९०च्या दशकाअखेरीस निर्यात थांबली. सांबर वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे अमेरिकेतून तशी मूठ घेऊन येण्याचा मोह आवरा. शिवाय आपल्या शस्त्र नियमांत, घरगुती, शेतीच्या वगैरे कामाचे सोडून, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरे शस्त्रांत मोजले जातात. रेझिनचा सुरा पाव इंचाने अडकतो.

फोटो झाला की बोटांचे ठसे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मगच मेणाचा पातळ थर द्या. मुंबई-कोकणच्या हवेत घामाचा ठसा लवकर गंज धरतो. आणि सुरा चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओलावा धरतं, त्यातली कमावणीची रसायनं पोलाद खातात आणि पितळी गार्डवर हिरवं चढतं. म्यान वेगळं, सुरा कापडात वेगळा, सोबत सिलिका जेलची पुडी.