टाकी कोरडी, मग जाब कुणाला विचारायचा?

राजेहो, नमस्कार! आज जलजीवनच्या, म्हणजे घरोघरी नळानं पाणी द्यायच्या सरकारी योजनेच्या टाकीखाली उभा राहून बोलतोय. रंग नवाकोरा आहे, व्हॉल्व्हवर मात्र कोळ्यानं जाळं केलंय.

विचारायला गेलं की सरपंच म्हणतात, काम जिल्हा परिषदेचं. तिथं म्हणतात, राज्याचा हप्ता अडला. राज्य बोट दाखवतं दिल्लीकडं. गंमत म्हणजे यातलं कोणीच साफ खोटं बोलत नसतं! २०१९ च्या या योजनेत आपल्याकडं केंद्र-राज्याचा वाटा निम्मा-निम्मा. गावातल्या कामाला साधारण १० टक्के लोकवर्गणी. पुढं योजना चालवायची ग्रामपंचायतीनं.

बरं, लक्ष ठेवायला समित्या कमी आहेत का? जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, केंद्राच्या योजनांवरच्या 'दिशा' समितीचे अध्यक्ष खासदार, आणि दोन्हीकडं सचिव जिल्हाधिकारी. विदर्भ विकास मंडळ होतं तेव्हा त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढं ठेवावा लागायचा. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. त्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल, इतकं आहे.

माझं म्हणणं एवढंच, की "पैसा कुणाचा?" या प्रश्नात अडकू नका. त्याचं उत्तर तिघांकडं विभागलेलं आहे. सही कुणाची आहे, ते विचारा.

ती सही असते एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत. पाइप किती मीटर टाकला, किती खोल पुरला, हे अभियंता त्यात लिहितो आणि त्यावरच ठेकेदाराचं बिल निघतं. आता पुस्तिकेत तीन फूट खोली लिहिलीय आणि इकडं वावरात वखराला पाइप लागतोय, तर मंत्रालयात जायची गरजच काय? ज्यानं मोजलं, त्यालाच बांधावर बोलवा.

एमबीची प्रत माहिती अधिकारात मिळते. अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आणि हे फार जणांना ठाऊक नसतं: त्याच कायद्यात कामाची पाहणी करायचा, साहित्याचा नमुना घ्यायचाही हक्क आहे. अर्जात तसं स्पष्ट लिहा, नाहीतर नुसती झेरॉक्स हातात येते.

ग्रामसभेत योजना ताब्यात घ्यायचा ठराव आला, तर घाई नको. आधी शेवटच्या घरच्या नळाला पाणी येऊ द्या, एमबी वाचून दाखवायला लावा. ताबा एकदा घेतला, की मोटर जळो नाहीतर पाइप फुटो, बिल ग्रामपंचायतीच्याच माथी.