खरं की थाप? यंदा घरच्या गेट-टुगेदरला खेळून बघा

नमस्कार मंडळी! वर्षातून एकदा सगळं खानदान एकत्र जमतं ना, तेव्हा पहिला तासभर कसा मस्त जातो, कोण बारीक झालं, कुणाचं पोरगं किती उंच झालं, आणि मग हळूहळू मोठी माणसं एका कोपऱ्यात, पोरं मोबाईलमध्ये, आणि दोन-तीन बोलकी मंडळी सगळ्यांच्या वाटचं बोलत बसतात. यावर माझ्याकडे जालीम उपाय आहे, गोष्टींची स्पर्धा! पण साधी नाही हं, 'खरं की थाप' वाली.

प्रत्येकाने तीन मिनिटांत स्वतःची एक गोष्ट सांगायची, खरी सांगा नाहीतर चक्क बनवलेली. खरी की बनवलेली ते आधीच एका पंचाच्या कानात सांगून ठेवायचं, म्हणजे नंतर पलटी मारता येत नाही. गोष्ट संपली की बाकीच्यांनी तीन प्रश्न विचारायचे आणि मग हात वर करायचे. जास्तीत जास्त लोकांना जो गंडवेल तो जिंकला.

खरी गंमत त्या तीन प्रश्नांत आहे. आमच्या आत्याने सांगितलं की लहानपणी ती चुकीच्या गाडीत चढली आणि रात्रभर कुणाच्या तरी वळकटीवर झोपून भलत्याच गावी उतरली. सगळे म्हणाले, थाप! एवढ्यात एका चिमुरडीने विचारलं, "आत्याआजी, उतरलीस तेव्हा तुझ्या पायात चप्पल होती?" आत्या क्षणभर थांबली आणि म्हणाली, "एकच होती गं, आणि तीसुद्धा माझी नव्हती." तरीही बहुतेकांनी थापेलाच हात वर केला, आणि गोष्ट निघाली शंभर टक्के खरी! तिच्या सख्ख्या भावालाही ही माहिती नव्हती, कारण इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. भाच्याची गोष्ट मात्र इतकी नीटनेटकी होती, सगळे धागे बरोब्बर जुळलेले, की आम्ही सगळ्यांनी ती खरी मानली आणि साफ फसलो.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे एकजण असा आहे ना की तो सगळ्यांची थाप लगेच ओळखतो. नाही हो! 2006 साली बाँड आणि डीपाउलो या अभ्यासकांनी तोवरचे शेकडो प्रयोग एकत्र करून पाहिले, तर समोरचा खरं बोलतोय की खोटं हे माणसं सरासरी 54 टक्के वेळाच बरोबर ओळखतात, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जरासंच बरं. म्हणूनच या खेळात सहावीतली पोरगी आणि रिटायर झालेले काका अगदी बरोबरीत येतात, अशी स्पर्धा दुसरी कुठली सांगा बरं?

थापांची स्पर्धा इंग्लंडमध्ये तर दरवर्षी भरते, कम्ब्रिया भागात सॅन्टन ब्रिजला. एकोणिसाव्या शतकात तिथे विल रिटसन नावाचा एक खाणावळवाला होता, तो पाहुण्यांना सांगायचा की आमच्याकडचे सलगम एवढे मोठे असतात की लोक ते पोखरून खातात आणि मग आत मेंढरं बांधतात! त्याच्या आठवणीत ही स्पर्धा घेतात आणि तिथे राजकारणी आणि वकिलांना भाग घ्यायला बंदी आहे, त्यांना सराव फार म्हणून. घरी अशी बंदी घालू नका, घरातल्या वकिलाला उलट पहिल्यांदा उभं करा.

दोन गोष्टी मात्र पक्क्या ठरवा. समोर बसलेल्या कुणाचं लग्न, नोकरी, मार्क, वजन यावर गोष्ट नाही, म्हणजे नाही, गोष्ट स्वतःचीच हवी. आणि आजी-आजोबांना शेवटी ठेवू नका, तोवर ती दमतात आणि "राहू दे रे, पुढच्या वर्षी" म्हणतात, त्यांना दुसरा-तिसरा नंबर द्या. ते तयार असतील तर फोनवर रेकॉर्डिंगही करा, फोन फक्त उशीवर वगैरे ठेवा, तोंडासमोर धरलात की माणूस एकदम भाषण करायला लागतो.

लाजरं कुणी असेल तर त्याला आधी पंच करा. दोन-चार गोष्टी कानात ऐकून झाल्या की तो स्वतःच म्हणतो, "आता माझी पण घ्या."