कॅप प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म: पहिल्या तीन नंबरांवर काय टाकायचं?

नमस्कार! सीईटीचं पर्सेंटाइल हातात आलं की घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो: "वर मोठं कॉलेज टाकलं आणि खालचंही हातचं गेलं तर?" इंजिनीअरिंगच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत या भीतीपोटी मुलं स्वतःच्या हातानं चांगली सीट घालवतात. म्हणून आज ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज आणि शाखांची पसंतीक्रमानं भरायची यादी, नीट समजून घेऊ.

त्याआधी आरक्षणातून अर्ज करणाऱ्यांसाठी कागदपत्रांचं थोडक्यात. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत बघा. 2025-26 च्या प्रवेशाला ते 31 मार्च 2026 पर्यंत वैध असावं लागत होतं, हाच हिशेब तुमच्या वर्षाला लावा. जात वैधता प्रमाणपत्र वेळखाऊ असतं, त्यामुळे त्याचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करायचा. हे कागद ठरलेल्या तारखेपर्यंत आले नाहीत तर तुमचा विचार थेट ओपनमधून होतो.

आता मुख्य मुद्दा. सीट वाटताना संगणक मेरिट नंबराच्या क्रमानं जातो. समजा तुमचा नंबर 12,000 आहे. तुमची पाळी आली की तो तुमची यादी वरून खाली वाचतो. सीओईपी कॉम्प्युटर? भरलं. व्हीजेटीआय आयटी? भरलं. वालचंद, सांगली, इलेक्ट्रॉनिक्स? जागा आहे. दिली! तिथे तो थांबतो. वरची दोन नावं लिहिली म्हणून वालचंदची जागा तेवढ्यात दुसऱ्याला जात नाही, कारण तुमच्यामागच्या मुलाची पाळी अजून आलेलीच नसते. म्हणजे क्रम ठरवायचा तो आवडीनं. कटऑफ बघायचा तो यादी कुठपर्यंत लांबवायची हे कळण्यासाठी. 300 पर्याय देता येतात, त्यामुळे पंधरा-वीस नावांवर थांबू नका.

पण एक गोष्ट 2025-26 पासून बदलली आहे, आणि इथे लक्ष द्या.

[स्क्रीनवर: फेरी 1 – पहिला पर्याय. फेरी 2 – पहिले तीन. फेरी 3 – पहिले सहा. फेरी 4 – मिळेल तो.]

चार फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचा पर्याय मिळाला, तर सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे कायम होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही मिळालं, तरी फ्रीझ. तिसरीत पहिल्या सहांपैकी. चौथीत जे मिळेल ते अंतिम. फ्रीझ झालं की पुढच्या फेऱ्या तुमच्यासाठी बंद, मग तुम्ही ती सीट घ्या अथवा सोडा.

आता बघा काय घडतं. कुणीतरी सांगतं, "सेफ कॉलेज वर टाक." तुम्ही ते एक नंबरला टाकता, पहिल्याच फेरीत मिळतं, आणि तिसऱ्या फेरीत मिळू शकलं असतं ते कॉलेज तुम्हाला कधी विचारतही नाही. म्हणून पहिल्या तीन नंबरांवर तीच नावं ठेवा, जी मिळाल्यावर पुढच्या फेरीकडे बघावंसंही वाटणार नाही. "चालेल" असं कॉलेज चौथ्या-पाचव्या नंबरवर गेलं, तर दुसऱ्या फेरीपर्यंत ते मिळूनही बेटरमेंटची, म्हणजे पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळवण्याची वाट उघडी राहते. तिसऱ्या फेरीआधी हाच विचार सहा नावांसाठी पुन्हा करायचा. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून हा तक्ता आधी तपासा.

बेटरमेंट घेताना एक जाणून घ्या: पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला की जुनी सीट आपोआप रद्द होते. परत मागता येत नाही. म्हणून हातातल्या सीटपेक्षा खरोखर जास्त आवडणारीच नावं तिच्या वर ठेवा.

टीएफडब्ल्यूएसबद्दल फार चुका होतात. वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्यांसाठी ही शिक्षण शुल्कमाफीची जागा, पण तिचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी अक्षराचा. त्याच कॉलेजची त्याच शाखेची साधी सीट तुम्ही वर टाकली आणि ती मिळाली, तर खालच्या टी कोडपर्यंत संगणक जातच नाही. टी कोड आधी, साधा नंतर.

मुलींनो, कटऑफच्या यादीत जीओपनएच, एलओपनएच असे शब्द दिसतील. जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची राखीव जागा. तुम्ही दोन्हींसाठी पात्र असता, दोन्ही आकडे बघा. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (तुम्ही ज्याच्या हद्दीत येता ते विद्यापीठ), ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्य पातळी. दुसऱ्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या कॉलेजचा एचचा आकडा बघून आशा धरू नका, तुमचा आकडा ओचा आहे.

फॉर्म सेव्ह करून बंद केला तर तो भरला असं होत नाही. कन्फर्म करावाच लागतो.

सीट मिळाली की आधी लॉगिनमध्ये स्वतः पडताळणी करा, मग 1,000 रुपये सीट स्वीकृती शुल्क भरा. बेटरमेंट हवी असेल तर एवढं पुरे. फ्रीझ झालं असेल तर मूळ कागद घेऊन मुदतीत कॉलेजात हजर व्हा. तिथे तुमचा प्रवेश ऑनलाइन नोंदवून त्याची संगणकीय पावती देतात. ती हातात घेतल्याशिवाय ऑफिसमधून बाहेर पडू नका.