बेबी कॅरियर घेताय? आधी बाळाला कडेवर घ्या

नमस्कार मंडळी, आवाज येतोय ना नीट? डिचोलीत सकाळपासून पावसाला उसंत नाही, त्यामुळे मागचा पत्र्यावरचा ताशा आज सहन करून घ्या, बाय, म्हणजे माझी लेक, झोपलीय तेवढ्यात मला हे उरकायचंय.

तर विषय बेबी कॅरियर, बाळाला अंगावर बांधून घ्यायचं ते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचा व्हिडिओ टाकला होता ना, त्यात मी बायला पुढे बांधून फिरतेय, आणि कमेंटमध्ये कुणाला भाजी दिसली नाही, मासळी दिसली नाही, सगळ्यांचं एकच, हे कुठलं, कितीला, आमचं तीन महिन्यांचं आहे चालेल का. कुठलं ते नंतर. आधी माझी फजिती ऐका.

बाय झाली गणेश चवथीनंतरच्या आठवड्यात. ती पोटात असतानाच मी ऑफर बघून ऑनलाइन एक कॅरियर मागवून ठेवला होता, नाव घेत नाही, बॉक्सवर मोठ्या अक्षरात ० ते ३६ महिने, गोरं गोमटं बाळ हसतंय, मस्त. जानेवारीत बोडगेश्वराच्या जत्रेला तो पहिल्यांदा नीट वापरला, बाय तेव्हा चार महिन्यांची. खाज्यांच्या दुकानापर्यंत पोचलो नाही तोवर माझे खांदे भरून आले आणि ती रडायला लागली. नवऱ्याने समोरून फोटो काढला म्हणून कळलं, तिचे पाय सरळ खाली लोंबत होते, दोरीवर वाळत घातलेल्या पँटसारखे. सगळं वजन दोन पायांच्या मधल्या चार बोटं रुंद पट्टीवर. तुम्ही बसा बघू तसं अर्धा तास.

घरी आले, तो काढून फेकला आणि तिला कडेवर घेतलं, आणि गप्प! दोन मिनिटांत. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बघा, ही भाचीची बाहुली घेते (बाहुली कडेवर घेऊन). कडेवर मूल आपण कसं घेतो? कुणी शिकवलं नाही आपल्याला. पाय दोन बाजूंना, गुडघे बुडापेक्षा वर, बूड खाली खोलगट बसलेलं, पाठ जराशी गोल, आणि आपला हात एका मांडीखालून दुसऱ्या मांडीखाली गेलेला. इंग्रजी एम अक्षर काढा, दोन टोकं म्हणजे गुडघे आणि मधला खड्डा म्हणजे बूड. कॅरियरने एवढंच करायचंय, तुमच्या हाताचं काम. तुमचा हात बाळाला जिथे आणि जसं धरतो तिथे तसंच त्याने धरलं तर तो चांगला, नाहीतर त्याला सतरा खिसे असोत.

आता हे नुसतं आरामाचं नाही. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या खुब्याचा सांधा बराचसा कूर्चेचा, मऊ असतो, मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसायचा असतो. म्हणून खुब्याच्या दोषावर काम करणारी इंटरनॅशनल हिप डिसप्लेजिया इन्स्टिट्यूट सांगते की पहिले सहा महिने तरी बाळाचं तोंड आपल्याकडे असावं आणि मांड्यांना आधार असावा. अरुंद कॅरियरमुळे खुबा बिघडतोच असं काही सिद्ध झालेलं नाहीय, घाबरवत नाहीय मी. पण बाळ पायाळू असेल किंवा घरात कुणाला लहानपणी खुब्याचा त्रास झालेला असेल तर डॉक्टरना आधी सांगा.

मग घ्यायचा कसा? टेप घ्या. शिंप्याची. बाळाला मांडीवर पाय फाकवून बसवा आणि एका गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून बुडाखालून दुसऱ्या खळगीपर्यंत मोजा. तो आकडा म्हणजे तुमच्या कॅरियरच्या बैठकीची रुंदी. बॉक्सवरचं वय विसरा हो. डब्ल्यूएचओच्या तक्त्यात मुलीचं जन्माचं मधलं वजन ३.२ किलो, सहाव्या महिन्यात ७.३, वर्षाला ८.९, म्हणजे सहा महिन्यांत दुपटीच्या वर, आणि उंची वाढते ती वेगळीच. एकच शिवलेला चौकोन ह्या सगळ्याला पुरणार कसा? म्हणून बैठक कमी जास्त करता येते का बघा, वेलक्रोने, नाडीने, बटणाने, कशानेही. छोट्या बाळाला जास्त रुंद झाली तरी वाईट, पाय ताणले जातात. मोठं झाल्यावर, म्हणजे सहा महिन्यांनंतर, कापड गुडघ्यापर्यंत नाही पोचलं आणि मांडीच्या मध्यापर्यंत आलं तरी चालतं. पाठीचंही तसंच, मान धरत नाही तोवर कापड कानाच्या पाळीपर्यंत हवं, डोक्यावरून नाही, आणि पुढे मान घट्ट झाली की काखेपर्यंत पुरतं, त्यांना हात बाहेर काढून लोकांच्या टोप्या ओढायच्या असतात.

आता जरा गंभीर, आणि हा भाग कृपा करून पुढे ढकलू नका.

शहाळं पिताना स्ट्रॉ दुमडली की काय होतं? पाणी येत नाही. छोट्या बाळाची श्वासनळी तशीच समजा. मान कच्ची, डोकं जड, हनुवटी छातीला टेकली की हवा अडते, आणि बाळ रडतही नाही, आवाजच येत नाही. २०१० च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने स्लिंगबद्दल, म्हणजे खांद्यावरून घ्यायच्या झोळीबद्दल, इशारा दिला होता, वीस वर्षांत किमान १४ बाळं गेलेली आणि त्यातली १२ चार महिन्यांच्या आतली. म्हणून हनुवटीखाली दोन बोटं गेली पाहिजेत, नाकातोंडावर कापड नको, मान खाली घातली की चेहरा दिसला पाहिजे आणि कपाळाचा मुका घेता आला पाहिजे. बाळ नाभीजवळ लोंबतंय म्हणजे खाली बांधलंय, वर घ्या. आणि घट्ट. घट्ट म्हटलं की आपल्याकडे सगळे घाबरतात, पण सैल जास्त धोक्याचं, सैल झोळीत बाळ मुटकुळं होऊन खाली सरकतं. बांधून झालं की त्याच्या पाठीवर हात दाबा, ते तुमच्या अंगाला आणखी चिकटलं तर पट्टे सैल आहेत, ओढा. महिने भरायच्या आधी झालेलं, कमी वजनाचं, किंवा सर्दीने छाती भरलेलं बाळ असेल तर डॉक्टरना विचारल्याशिवाय नको म्हणजे नको.

सासूबाई पहिल्या दिवशी दारातूनच म्हणाल्या, भुरग्याक कित्याक बांदून घालता गो? म्हणजे पोरीला कशाला बांधून घालतेस. फॉरेनची थेरं वाटली त्यांना. मी म्हटलं आई, हे फॉरेनवाल्यांनीच दुसऱ्याकडून उचललंय. अ‍ॅन मूर म्हणून एक अमेरिकन नर्स आफ्रिकेत टोगोला गेली होती, तिथल्या बायका पाठीला कापडाने मुलं बांधून कामं करताना बघितल्या, परत जाऊन स्वतःच्या मुलीसाठी तसंच शिवून घेतलं आणि १९६९ मध्ये त्याचं पेटंट, स्नगली नावाने. पटलं त्यांना, पण मग दुसरं, हाताची सवय लागेल. लागू दे की! १९८६ मध्ये मॉन्ट्रियलला ९९ आया आणि बाळांवर अभ्यास झालेला, ज्यांना रोज जास्त वेळ अंगावर घेतलं ती बाळं सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडली, संध्याकाळी तर ५१ टक्के. हां, एकदा का पोटशुळाचं रडणं सुरू झालं की मग उचलून फरक पडला नाही असं नंतरच्या अभ्यासात दिसलं, त्यामुळे जादू समजून घेऊ नका.

प्रकार कुठला? इथे मी गोव्यापुरतं बोलते, कारण युट्यूबवरचे अर्धे व्हिडिओ थंडीतल्या देशांतले असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात नुसतं बसलं तरी पाठीवरून घाम ओघळतो. तो जो साडेचार पाच मीटरचा ताणणारा रॅप असतो ना, टीशर्टच्या कापडासारखा, नवजात बाळाला फार छान, अगदी पोटाला बिलगून राहतं, पण त्याचे अंगावर तीन थर येतात, एप्रिलमध्ये बाळाला घामोळं आणि तुम्हाला चक्कर. शिवाय सात आठ किलोनंतर तो लोंबायला लागतो. पावसाळ्यात किंवा डिसेंबरात बाळ झालं असेल तर घ्या, मैत्रिणीचा वापरलेला मिळाला तर उत्तम.

रिंग स्लिंग (निळी स्लिंग उचलून) ही माझी लाडकी. एक सुती कापड, दोन कड्या, एक थर, आणि खरं कडेवरचं बाळ. पोदेर, म्हणजे पाववाला, आला की पटकन घाल, पाव घे, काढ. पण सगळा भार एका खांद्यावर, त्यामुळे बाय आठ किलोची झाल्यापासून वीस पंचवीस मिनिटांच्या वर माझ्याच्याने होत नाही. आणि ह्या कड्या स्लिंगसाठीच बनवलेल्या, सांधा नसलेल्या हव्यात, हार्डवेअरच्या दुकानातल्या नकोत. आजीच्या जुन्या लुगड्याची शिवू का असं एकीने विचारलंय, भावना समजते गो, पण ते उजेडात धर, विरलेलं दिसलं की उशीची खोळ शिव.

आणि तिसरा हा, बकलवाला, बाजारातल्या व्हिडिओतला. ह्यात भार कमरपट्ट्यावर येतो, खांदे फक्त सांभाळतात, त्यामुळे जड बाळाला हाच. सोल, अनमोल, कोल कोल असे आपल्याकडचे बनवणारेही आहेत, माझा कुठला ते मुद्दाम सांगत नाही, कारण माझी कंबर आणि तुमची कंबर वेगळी आणि तुम्ही तोच मागवाल. कापड नुसतं सुती किंवा लिनन बघा, जाड फोमचं अस्तर नको. जाळीवाला हवेशीर असतो, पण जाळी गालाला घासते का ते हाताने चोळून बघा. कॅरियर म्हणजेच बाळाचा एक कपडा झाला, त्यामुळे आत पातळ झबलं बस, मोजे टोपरं स्वेटर घालून वर कॅरियर चढवू नका, आजी लोक ऐकत नाहीत तरी सांगा.

हिप सीट म्हणजे तो खुर्ची लावलेला पट्टा, तो बाळ स्वतः बसायला लागल्यावर, त्याआधी नाही. विषय संपला.

कमरपट्टा कुठे बांधायचा ह्यातच बहुतेक जण चुकतात. नवरे तर पँटच्या बेल्टसारखा बांधतात, म्हणून बाळ खाली येतं. छोट्या बाळासाठी तो बेंबीच्या वर घ्या, बाळ वाढत जाईल तसा तो खाली सरकवत न्या, कारण मुका घ्यायची उंची तीच ठेवायची असते. मागचा आडवा छोटा पट्टा पाठीवर खांद्याच्या पात्यांच्या मधोमध, मानेवर चढला तर डोकं दुखतं आणि आपल्याला वाटतं झोप झाली नाही म्हणून. घरात दोघं वापरणार असाल तर दर वेळी सगळे पट्टे पुन्हा लावायला लागतात. आमच्याकडे त्याच्या मापाची खूण पट्ट्यावर लाल दोऱ्याने टाचलीय, माझी हिरव्याने, भांडणं कमी झाली.

तोंड बाहेर करून कधी? मान पक्की झाल्यावर, सहा महिन्यांच्या पुढे, थोडा वेळ, आणि झोप आली की लगेच आत वळवायचं. जत्रेत ढोल ताशे, दिवे, माणसं, आणि बाळाला तोंड लपवायला जागा नाही, बघा विचार करून. पाठीवर घ्यायचं तर आधाराशिवाय बसता आलं पाहिजे, आणि पहिले काही दिवस पलंगाच्या वर, दुसरं माणूस शेजारी उभं करून.

बरं, स्कूटर. ह्यावर मी भांडायला तयार आहे. आपल्या गोव्यात दूध आणायचं तर स्कूटर, देवळात जायचं तर स्कूटर, आणि पुढे बाळ बांधून जाणाऱ्या आया बाबा मी रोज बघते. आमच्याही घरात झालं, पाच मिनिटांवर तर आहे, आणि मी नाही म्हटलं. कॅरियर म्हणजे सेफ्टी हार्नेस, गाडी चालवणाऱ्याला मूल बांधायचे सुरक्षेचे पट्टे, नव्हे. २०२२ मध्ये केंद्राने नियम काढलाय आणि फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू आहे, ४ वर्षांच्या आतल्या मुलाला दुचाकीवर हार्नेस, ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला क्रॅश हेल्मेटही, वेग ताशी ४० किमीच्या आत. आणि पुढे बांधलेलं बाळ असताना पडलात तर तुमचं सगळं वजन त्याच्यावर. गाडीतही तेच, कॅरियरमधल्या बाळावरून सीटबेल्ट लावायचा नाही, त्याला त्याची कार सीट. कदंब बसमध्ये, फेरीबोटीत, चालताना, पायऱ्या चढताना बिनधास्त वापरा, आपल्या रस्त्यांवर स्ट्रॉलर ढकलून दाखवा कुणीतरी मला.

स्वयंपाकघरातही नाही. कढईत तेल तापलंय आणि छातीवर बाळ, नको. आणि बायला पुढे बांधून आदोळीवर, म्हणजे विळीवर, नारळ खवायला बसले होते मी एकदा, तिने सरळ पात्याकडे हात घातला, त्या दिवसापासून खवलेला नारळ विकत आणते, सासूबाई काय म्हणतात ते इथे सांगण्यासारखं नाही.

आता पावसाळा. हे कुठल्याही बाहेरच्या व्हिडिओत सापडणार नाही. फोमवाला कॅरियर जुलैत धुतलात तर तीन दिवस वाळत नाही, मग वास, मग पट्ट्यांच्या घडीत काळे ठिपके, आणि बाळं ते पट्टे चघळतात. म्हणून मी कॅरियर धूत नाही, पट्ट्यांवर सुती रुमालाचे तुकडे टिचबटणांनी लावलेत, ते धुते. पूर्ण धुवायचाच तर उघडीप बघून, आणि मग पंख्याखाली पसरून, बकलं सुटी करून. कपाटात दुमडून कोंबू नका, खुंटीला टांगा. महिन्यातून एकदा पट्टा जिथे शिवलाय तिथला चौकोन आणि त्यातली फुली बोटाने तपासा, धागा उसवला असेल तर दुरुस्त होईपर्यंत वापरायचा नाही. बकल बंद करताना टक् आवाज येतोच ना ते ऐका.

जमलं तर विकत घ्यायच्या आधी कुणाचा तरी घालून घरातल्या घरात वीस मिनिटं फिरा, दुकानातल्या दोन मिनिटांत काही कळत नाही, दुखायला पंधराव्या मिनिटाला लागतं. आणि कमेंटमध्ये विचारताना बाळ किती महिन्यांचं एवढंच लिहू नका, वजन लिहा, गुडघा ते गुडघा माप लिहा, मान धरते का, बसतं का, आणि कोण घालणार, त्याची कंबर किती. नवऱ्याची कंबर खरी लिहा हां.

उठली वाटतं. आले गो बाय, आले.