काँक्रीट की ॲब्स्ट्रॅक्ट? आधी वाक्य बघा

मंडळी, समोर पालकही आहेत आणि शिक्षकही, तेव्हा थेट विषयाला हात घालतो. पंचेंद्रियांना जाणवतं ते काँक्रीट नाउन, फक्त मनाला कळतं ते ॲब्स्ट्रॅक्ट नाउन, असं आपण इंग्रजीच्या तासाला शिकवतो. मराठीतलं भाववाचक नाम ठाऊक असलेल्या मुलाला हे चटकन उमगतं. ठाणे स्टेशनचा फलाट, पुलाचा जिना, वड्याचा वास, गाडीचा भोंगा ही सगळी काँक्रीट. वास आणि भोंग्याचा आवाज हातात येत नाहीत, पण नाकाकानांना कळतात. म्हणून ‘हात लावता येतो का बघ’ एवढीच कसोटी वर्गात सांगू नये. गाडी चुकल्यावरची चिडचिड, लेटमार्कची भीती, कुणी सरकून चौथी सीट दिली की वाटणारी कृतज्ञता ही ॲब्स्ट्रॅक्ट.

इथवर मुलांना गुण मिळतात. गफलत पुढे होते. काँक्रीट म्हणजे मोजता येणारं आणि ॲब्स्ट्रॅक्ट म्हणजे न मोजता येणारं, असं मुलं धरून चालतात. हे दोन प्रश्न अगदी वेगळे आहेत. फर्निचर आणि लगेज डोळ्यांना दिसतात, तरी इंग्रजीत त्यांचं अनेकवचन होत नाही. उलट आयडिया, प्रॉब्लेम, ड्रीम ही ॲब्स्ट्रॅक्ट असूनही त्यांना खुशाल ‘एस’ लागतो. आपण ‘चार सल्ले दिले’ म्हणतो, म्हणून मूल ‘फोर ॲडव्हायसेस’ लिहितं. त्यात त्याचा आळस नसतो. ते मराठीच्या शिस्तीने विचार करत असतं. नुसता लाल गोल करू नका. ‘फोर पीसेस ऑफ ॲडव्हाइस’ का म्हणायचं, ते समजावून सांगा.

दुसरी अडचण ‘द’ची. घोडबंदर रोडला रिक्षात राहिलेली छत्री रिक्षावाल्याने परत आणून दिली, यावर निबंध लिहायला सांगा. ‘द ऑनेस्टी इज द बेस्ट पॉलिसी’ हे वाक्य हमखास येईल. एकूणच प्रामाणिकपणाबद्दल बोलताना ऑनेस्टीच्या आधी ‘द’ नको. पण ‘द ऑनेस्टी ऑफ दॅट ड्रायव्हर’ म्हटलं की तो हवाच, कारण आता गोष्ट त्या एका माणसाच्या प्रामाणिकपणाची आहे. नाउन मात्र दोन्हीकडे ॲब्स्ट्रॅक्टच.

काही शब्द तर दोन्ही गटांत नांदतात. ‘अ यूथ’ म्हणजे मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बसलेला तरुण. ‘इन हिज यूथ’ म्हणजे त्याच्या तारुण्यात. ‘द बिल्डिंग इज ओल्ड’ मधली इमारत नौपाड्यात बोट करून दाखवता येते. ‘द बिल्डिंग ऑफ ट्रस्ट टेक्स टाइम’ मध्ये बोट कशाकडे करणार? म्हणून सुट्या शब्दांची यादी देऊन ‘वर्गीकरण करा’ हा प्रश्न मला मुळीच पटत नाही. शब्द वाक्यात घालून द्या, मग विचारा.

‘नेस’, ‘इटी’, ‘हुड’ या प्रत्ययांवरून ॲब्स्ट्रॅक्ट नाउन ओळखण्याची युक्ती बरेच शिक्षक सांगतात. काइंडनेस, ॲबिलिटी, चाइल्डहुड यांना ती बरोबर लागू पडते, म्हणून जरूर सांगा. पण त्याच तासाला विटनेस, युनिव्हर्सिटी आणि नेबरहुड हे तीन शब्दही फळ्यावर लिहा, आणि मुलांना त्यावर भांडू द्या.